सहावी फोड

"मावशी, त्यानं खाल्ली का?" कॅसलसाहेबांनी दाराआडून दबक्या आवाजात विचारलं. सरकारी बैठकांची व्यवस्था त्यांच्याकडे होती.

कोर्तोनं थाळी पुढे केली. कोलाच्या कडू बीची सहावी फोड, सहाव्या सरदाराची, तशीच पडली होती.

पाहुण्यापुढे कोला ठेवायची, विष नाही हे दाखवायला यजमानानं आधी स्वतः चावायची, मग पाहुण्यानं. फोड नाकारली म्हणजे मनात वैर शिल्लक आहे. सहा वर्षं एकमेकांची गावं जाळलेल्या सहा टोळ्यांचे सरदार सप्टेंबरात एकत्र राजधानीत, मन्रोव्हियात शिरले, एक सरकार झालं, लोक रस्त्यात नाचले. पण यजमान कोणी व्हायचं? शेवटी कोर्तोला शोधून आणलं. सहाही टोळ्यांनी तिच्या घरातलं काही ना काही नेलं होतं, म्हणून ती सगळ्यांना सारखीच चालत होती. सहाव्या सरदारानं तिचा मुलगा मुल्बा नेला होता. तो आता खाली अंगणात त्याच सरदाराच्या गाडीपाशी बंदूक घेऊन उभा असायचा. पुढच्या महिन्यात बंदुका जमा होणार होत्या. मग दोघं गावी जाऊन भात पेरणार होती.

"खाल्ली म्हणून सांग," साहेब कुजबुजले. "नाहीतर अंगणातच गोळीबार सुरू होईल."

कोर्तोनं फोड स्वतःच्या तोंडात कोंबली आणि गॅलरीत जाऊन रीतीप्रमाणे ओरडली, "सगळ्यांनी खाल्ली!"

मग ती धावतच खाली उतरली.

"मुल्बा, आत्ता चल माझ्याबरोबर. बंदूक इथंच टाक."

"का गं?"

"तुझ्या सरदाराचं मन साफ नाही."

"त्याचं पोट तरी कुठं साफ असतं!" मुल्बा म्हणाला. त्याचे सोबती खिदळले. "आई, वरून तूच ओरडलीस ना, सगळ्यांनी खाल्ली म्हणून? आम्ही इथं सगळ्यांनी ऐकलं."

बाकीच्या पाच गाड्यांजवळची पोरं कान देऊन ऐकत होती. कोर्तोच्या जिभेवर कोलाचा कडवटपणा होता.

"ऊन फार आहे," ती म्हणाली. "डोक्यावर काहीतरी घे."

पुढच्या बैठकीला पाचच गाड्या आल्या. दुपारपर्यंत शहरभर गोळीबार सुरू झाला, सरकार उरलं नव्हतं.

समुद्रकाठच्या एका शाळेत माणसं दाटीवाटीनं लपली होती, कोर्तोही त्यांत होती. तिथं दोन-तीन दिवसांनी मुल्बा आला. डोक्यावर गादी, खांद्याला बंदूक.

"तुला गादी आणली. सिमेंटवर झोपतेस म्हणे."

"कोणाची आहे?"

"आता कोणाचीच नाही."

कोर्तोनं गादीवरून हात फिरवला. मधोमध हात थांबला. भाकरीएवढा ओला डाग होता, लहान पोराच्या मुताचा. अजून सुकला नव्हता.

"मुल्बा, पोर केवढं होतं रे?"

तो बंदुकीचा पट्टा सारखा करत राहिला. "झोप गं तू," म्हणाला आणि निघून गेला.

तिनं गादी ओढत खिडकीपाशी नेली, डाग उन्हाकडे केला आणि शेजारी सिमेंटवर बसली. थोड्या वेळानं एक बाई बोचकं घेऊन आली.

"आजी, हिच्यावर कोणी आहे का?"

"आहे," कोर्तो म्हणाली. "बाहेर गेलंय."