गच्चीवरचा फिल्टर

खुर्शीदबींनी गच्चीवर येऊन जिन्याच्या दाराला कुलूप ठोकलं आणि किल्ली कमरेला खोचली. टॉवरचा मेकॅनिक यशोधन बघतच राहिला.

"फिल्टर बसव, मंग खाली उतर."

"चाची, साहेबाचा हुकूम नाई आला."

"डबा तर आला ना? माह्या जिन्याखाली धूळ खाऊन राहिला."

मूर्तिजापूरच्या त्या गल्लीत दोन मोबाइल कंपन्यांचं हाडवैर होतं. एकीचा टॉवर खुर्शीदबींच्या गच्चीवर, दुसरीचा समोर वसंतराव वकिलांच्या. इकडचा टॉवर ज्या लहरींवर बोले, त्यांना खेटूनच असलेल्या लहरींवर समोरचा ऐकत असे. इकडच्या गोंगाटात त्याला काही ऐकूच येत नसे. समोरच्या कंपनीचे फोन घेतलेल्यांना सिग्नलच्या कांड्या भरलेल्या दिसत, पण फोन लागत नसे की येत नसे. इकडे तो गोंगाट गाळणारा फिल्टर लावला की भागलं असतं; पण आधी नमायचं कोणी, यावर साहेब लोक अडून बसले होते. शिव्या खायला यशोधन होताच.

खुर्शीदबींचा फोन समोरच्या कंपनीचा, मुलानं, इमादनं घेऊन दिलेला. कापसाचा धंदा बसला तसं बापाचं कापूस पिंजायचं दुकान मोडून तो धारणीला जीप चालवायला गेला. "दुकान मोडशीन तर मले अम्मी म्हनू नको," असं त्या बोलून बसल्या होत्या. तेव्हापासून त्याचा फोन नाही. पोरगा रोज लावतो, टॉवर गिळून टाकतो, असं त्या गल्लीभर सांगत. स्टेशनवरच्या बूथवरून तुम्हीच लावा, असं कोणी सुचवलं की विषय बदलत. काल मात्र वकील चारचौघांत हसून म्हणाले होते, "पोरगं रुसलं, त्याले टॉवर काय करन?" ते त्यांना फार लागलं होतं.

यशोधननं टॉवर बंद केला, दात-ओठ खात केबलमध्ये फिल्टर जोडला आणि टॉवर पुन्हा चालू केला.

समोरून वकील ओरडले, "लागला रे फोन! त्या बाईले म्हना, आता तरी तोंड बंद ठेव!"

"तुमी तुमचं सांभाळा!" खुर्शीदबी कडाडल्या. मग पाठ फिरवून त्यांनी इमादचा नंबर लावला.

रिंग गेली. फोन उचलला.

"हॅलो, बोला." आवाज इतका स्वच्छ होता की यशोधनलाही ऐकू आला.

"इमाद, मी बोलून राहिली."

पलीकडे जीपचं इंजिन घुरघुरत होतं. कोणीतरी सवारीचं भाडं विचारत होतं. मग फोन कट झाला.

त्यांनी पुन्हा लावला. या वेळी पहिल्याच रिंगला कट.

खुर्शीदबी एकदम यशोधनवर उसळल्या.

"पाह्यलं? काय बसवलं रे मुडद्या? पोरगं हॅलो हॅलो करून राहिलं, अन् माहा आवाजच जाऊन नाई राहिला त्याले!"

समोर वकील आपल्या कारकुनाशी फोनवर खणखणीत बोलत होते. यशोधननं तिकडे पाहिलं, मग चाचींकडे.

"हो चाची," तो म्हणाला. "आमच्याच टॉवरची खराबी आहे."

"मंग पाहून काय राहिला? कर दुरुस्त!"

यशोधन खाली वाकला आणि घट्ट बसलेला नट पुन्हा आवळू लागला.