शेवटच्या रांगेतलं काळीज

मी खुर्ची बोलतेय. मंत्र्याची नाही, त्यामुळे माझ्यासाठी आजवर कोणी भांडलेलं नाही. थीम पार्कमध्ये आकाशपाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या ओलांडून गेलात की एक गोल घुमटाचं थिएटर लागतं. तिथे दिवसभर एकाच गायिकेचा सिनेमा चालतो. तिला सगळे 'झुळूक' म्हणतात. त्या थिएटरात शेवटच्या रांगेत, दाराजवळ मी असते. जे घडलं त्याने मी अजून हादरलेली आहे, म्हणून बोलते. नाहीतर खुर्चीने गप्प बसावं हेच बरं.

आमचा सिनेमा म्हणजे नुसता पडदा नव्हे. डोक्यावर, उजवीकडे, डावीकडे, जिकडे बघाल तिकडे झुळूकच. ती समुद्रावर गाते तेव्हा तोंडावर तुषार उडतात, ती नाचते तेव्हा आम्ही खुर्च्या डोलतो. मग ते शांत गाणं येतं. दिवे जातात, वाद्यं थांबतात आणि आमच्या पाठीतली गादी धडधडायला लागते. ते झुळूकच्या काळजाचे ठोके. ती गाताना तिच्या छातीला पट्टा बांधून ते टिपलेले आहेत. लोक तिकीट काढतात ते त्यासाठीच.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. आधी सांगाडा, मग स्पंज, मग निळं कापड. मी सगळ्यांत थोरली, नमुन्याची. मी पसंत पडले तर बाकीच्या बनणार होत्या. म्हणून मला थेट शूटिंगच्या जागी नेलं. तिथे आवाजाचं काम बघणारा एक माणूस होता. त्याला सगळे कानसेन म्हणायचे, कारण पंख्याचा आवाज ऐकून तो कुठला स्क्रू ढिला आहे ते सांगायचा. त्याने माझ्या बुडाखाली एक छोटी पेटी बसवली आणि झुळूकच्या पट्ट्यातले ठोके तिच्यात सोडले. धक, धक, धक, धक, मग काहीच नाही, मग एकदम धावपळ, मग पुन्हा धक, धक. मी ऐकलेलं हे पहिलं काळीज. मला वाटलं, काळीज असंच चालत असणार.

मधल्या सुट्टीत झुळूक स्वतः येऊन माझ्यावर बसायची. बूट भिरकावून द्यायची, पाय वर घ्यायची, बिस्किटं खाऊन चुरा माझ्या फटीत सांडायची. "दादा, पाच मिनिटं थांब रे, दमले," असं कानसेनला म्हणायची. इतकी नावाजलेली बाई, पण माझ्यावर टेकताना कधी धपकन बसली नाही.

कानसेनची तिथे चूक झाली. चूक कसली, त्याच्या धंद्यातली हुशारीच ती. ठोके गाण्याच्या तालात बसेनात. त्याला वाटलं, पट्ट्याची वायर सैल आहे. मग त्याने मशीनवर ते ठोके सारखे केले. गळालेले भरले, धावणारे आवरले आणि कसे घड्याळासारखे तालात आणून ठेवले. थिएटरातल्या सगळ्या खुर्च्यांच्या पेट्यांत तेच सरळ ठोके भरले. मला मात्र कोणी उघडलंच नाही. "ही नमुन्याची, ही तर कधीच पास झालीय," असं म्हणून मला शेवटच्या रांगेत ठोकून टाकलं. माझ्या पेटीत मूळचेच राहिले.

मग सुरू झाली नोकरी. माणसांची एक गंमत सांगते. झुळूकला जवळून बघायचं म्हणून एवढे पैसे मोजून येतात आणि सगळा वेळ तिला मोबाइलच्या बोटभर पडद्यात बघतात. नवरे येतात ते झोपतात. च्युइंगम हातात धरून रडणारे लोक मी पाहिलेत, आणि रडून झाल्यावर तो च्युइंगम माझ्या खालीच चिकटवतात. माझ्यावर टेकलेल्या सगळ्या पाठी सरळ ठोक्यांच्या असायच्या. मला त्यांची कीव यायची. म्हणायचे, बिचारी साधी माणसं, यांना झुळूकसारखी कला कुठली यायला.

आता मुद्द्याचं. त्या दिवशी शोला वर्ष पूर्ण होत होतं. संध्याकाळी झुळूक बाहेरच्या मोठ्या स्टेजवर स्वतः गाणार होती. पार्कात मुंगी शिरायला जागा नव्हती. दुपारच्या शोला एक सासू-सून आल्या. सून झुळूकची वेडी, सासूबाई तिच्याबरोबर ओढून आणलेल्या.

"आई, इथे बसा, दाराजवळ आहे, गुडघे मोकळे राहतील," सून म्हणाली.

"गुडघ्यांचं सोड. कान शाबूत राहतील ना तेवढं सांग," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्यावर बसल्या.

समुद्र झाला, नाच झाला. सासूबाई मधूनमधून "अगं बाई" करत होत्या, पण त्यांना मजा येत होती, पाठ सैल होती. मग दिवे गेले आणि माझी गादी धडधडू लागली. पहिल्यांदा ठोका गळाला तशी ती पाठ ताठ झाली. दुसऱ्यांदा गळाला तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. गाणं संपलं, दिवे लागले, लोक उठले. सासूबाई उठेनात.

"आई, चला ना, पुढचा शो आहे."

"ही मुलगी डॉक्टरकडे गेली होती का कधी?"

"कोण?"

"ही गाणारी. अगं, हे ठोके मी ओळखते. हे तुझ्या सासऱ्यांचे ठोके आहेत."

सून हसली. दारावर तिकिटं बघणारी ताई जवळ आली, तीही हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुनेला माझ्यावर बसवलं, ताईला विनवून ते गाणं पुन्हा लावायला लावलं, आणि मधेच सुनेला उठवून शेजारच्या खुर्चीत बसवलं. सुनेचा चेहरा उतरला. शेजारी सगळं सरळ होतं. मग ताईने दोन्हीकडे बसून बघितलं आणि ती कानसेनला बोलवायला गेली.

कानसेन आला, टेकला आणि म्हणाला, "पेटी गेलीय हिची. बदलून टाकतो." पेचकस घेऊन तो माझ्या खाली वाकला. पेटी हातात आल्यावर त्याने ओळखली, शूटिंगच्या वेळी स्वतः बसवलेली पहिली पेटी होती ती. तो तसाच जमिनीवर बसून राहिला.

"ही बिघडलेली नाही," तो म्हणाला. "हे मूळचं आहे. मी समजलो वायर सैल आहे." पेटीवरची धूळ पुसत म्हणाला, "मी वायर बदलून बघितलीच नाही हो."

माझ्या तर पायांचे नटबोल्ट ढिले झाले. वर्षभर मी ज्याला कला समजत होते तो आजार होता, आणि ती बाई संध्याकाळी नाचून गाणार होती.

त्यांनी मॅनेजरला बोलावलं. गृहस्थ अगदी गोड. सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, "सांगूया ना, जरूर सांगूया. पण कार्यक्रम होऊ दे आधी. बाहेर गर्दी बघा केवढी आहे. आता सांगून तिला कशाला घाबरवायचं?" माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. खुर्चीला कान नसतात, तरी बसेना.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आम्हीही असंच म्हणालो होतो. मुलाचं लग्न होऊ दे आधी, मग दाखवू."

सून गर्रकन वळली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? लग्नाच्या आधीपासून?"

सासूबाईंनी मान खाली घातली. "रोज रात्री ऐकायची मी. छातीवर डोकं ठेवून. तेच म्हणायचे, दगदग आहे, होईल बरं."

"आणि बाबा गेल्यावर सगळे मला पांढऱ्या पायाची म्हणाले. तुम्ही समोर होतात, आई. एक शब्द बोलला नाहीत."

"नाही बोलले," सासूबाई म्हणाल्या. "दोष तुझ्यावर जात होता तोवर माझ्यावर येत नव्हता."

मी पुष्कळ रडू पाहिलंय, पण ते सिनेमाचं. त्या सुनेच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. मला वाटलं, आता ही निघून जाणार, आणि गेली असती तरी तिला कोण बोल लावणार होतं? ती मॅनेजरकडे वळली. "तिला आत्ता इथे आणा," ती म्हणाली. "नाहीतर मी बाहेर जाऊन त्या गर्दीला सांगते."

मॅनेजरने दरडावलं, फोन काढला, पहारेकऱ्यांना बोलावतो म्हणाला. तोवर कानसेनने आपल्या फोनवरून झुळूकला सांगून टाकलं होतं, "मॅडम, आवाजात घोळ आहे. तुम्हीच बसून बघायला पाहिजे." आवाजात घोळ म्हटल्यावर कुठला गाणारा थांबेल?

झुळूक आली ती स्टेजचे झगमगते कपडे घालून, अर्धा चेहरा रंगवलेला. मला बघून हसली. "अरे, ही आपली जुनी खुर्ची," म्हणाली आणि टेकली. कानसेनने पेटी जोडली.

काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. माझ्या पोटातून तिचे वर्षापूर्वीचे ठोके येत होते आणि तिच्या पाठीतून आजचे. मला वाटलं होतं दोन्ही जुळतील. नाही जुळले. आजचे किती तरी वाईट होते. जुन्यांत एक ठोका गळायचा तिथे आता लागोपाठ गळत होते, आणि मधली धावाधाव थांबतच नव्हती.

"हे माझे आहेत?" तिने विचारलं.

"तुमचेच. मी झाकले होते," कानसेन म्हणाला.

"पण सगळ्यांना असंच होतं ना? लोक टाळ्या वाजवायला लागले की?"

सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "नाही गं बाळा. सगळ्यांना असं होत नाही."

बाहेर हजारो माणसं तिच्या नावाचा गजर करत होती. घुमटात तो गजर घुमत होता. मॅनेजर म्हणाला, "दोन गाणी म्हणा फक्त, मॅडम." झुळूकने त्याच्याकडे बघितलं, मग सुनेकडे. सून म्हणाली, "मी तुमचं एकही गाणं सोडलेलं नाही. आज नका म्हणू." झुळूकने वाकून बूट काढले, अनवाणी उठली आणि कानसेनचा हात धरून मागच्या दाराने गेली. गाडी दवाखान्यात पोचेपर्यंत ती दोनदा बेशुद्ध पडली, असं ताई नंतर सांगत होती. डॉक्टर म्हणाले, स्टेजवर चढली असती तर उतरली नसती.

ती वाचली. छातीत यंत्र बसवलंय, आता ठोके अगदी शिस्तीत पडतात म्हणे. सासू-सुना पुन्हा आल्या नाहीत. त्या दिवशी जाताना दोघींमध्ये एक माणूस चालेल एवढं अंतर होतं, पण पायरीपाशी सुनेने हात पुढे केला आणि सासूबाईंनी तो धरला. एवढंच मी दारातून पाहिलं.

इथे संपलं असतं तर मी कशाला बोलले असते? मुख्य धक्का पुढेच आहे. बातमी फुटली आणि लोकांची रीघ लागली. सगळ्यांना शेवटच्या रांगेतलीच खुर्ची हवी. मॅनेजरच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने कानसेनला सांगितलं, हिच्यातले मूळचे ठोके सगळ्या खुर्च्यांत भर. झुळूकने दवाखान्यातून नाही म्हणून कळवलं, पण करारात तिचा आवाज, चेहरा, सगळंच पार्कने घेतलं होतं, ठोकेही त्यातच निघाले. कानसेन नोकरी सोडून गेला. दुसऱ्याने ते काम दुपारभरात केलं. दारावर नवी पाटी लागलीय, 'खरं काळीज, जसं होतं तसं'. तिकीट दुप्पट.

आता सगळं थिएटर त्या आजारात एकदम धडधडतं. आणि ठोका गळतो ना, त्या रिकाम्या जागेत लोक शिट्ट्या मारतात. पोरं एकमेकांना कोपर मारून सांगतात, "बघ, बघ, आता गेला." भली माणसं असतात हो, घरी म्हाताऱ्या आईला गोळी द्यायला विसरत नसतील. इथे शिट्टी मारतात.

म्हणून हात जोडते, मला हात आहेत तेवढे जोडते. इथे आलात तर त्या गाण्याच्या आधी उठून जा. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरच हे बंद होईल, दुसरं काही या लोकांना कळत नाही. आणि घरात कोणाच्या छातीवर कधी असं ऐकलंत, तर कशाचीही वाट न बघता बोला.

पुढचा शो सुरू होतोय. दिवे जातील, ठोका गळेल, शिट्ट्या होतील. पुढचा ठोका येणार हे मला पक्कं माहीत आहे, माझ्याच पोटात भरून ठेवलेला आहे तो. तरी प्रत्येक वेळी तो येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.