समोरच्या काठावरचा पाय

गुरुवारी दुपारी लेलंडने आपल्या लेकीला, कोरीनला, शाळेच्या रिकाम्या मैदानावर उलटं चालायला लावलं. बापलेक दोघंही सामन्यात समोरासमोरच्या काठांवर पंच म्हणून उभे राहत. अमेरिकन फुटबॉलमध्ये सीमारेषेवरच्या पंचाला एवढंच यावं लागतं, असं तो म्हणे. खेळाडू अंगावर आला की मागे सरायचं, पण पाठ फिरवायची नाही आणि नजर चेंडूवरून काढायची नाही.

"पोरी, तो तुला मारायला येत नसतो. त्याला फक्त पुढे जायचं असतं. वाट दे त्याला."

"ठाऊक आहे, डॅड."

"ठाऊक आहे म्हणे. मग मघाशी ते बाकडंच चालत येऊन तुला धडकलं वाटतं?"

घरी येऊन दोघांनी राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल खाल्ले. रात्रीची भांडी कोणी घासायची यावरून थोडी कुरबूर झाली, नेहमीसारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर बसून सामन्याचे बूट पुसता पुसता लेलंड एका कुशीवर कलंडला, तो पुन्हा उठलाच नाही. कोरीनचे बूट पुसून झाले होते. त्याचा एकच झाला होता.

महिन्याभराने ती पुन्हा रेषेवर उभी राहिली. मुख्य पंच मर्लने, हा हंगाम राहू दे, असं दोनदा सुचवलं होतं. तिने ऐकलं नाही. समोरच्या काठावर, डॅडच्या जागी, धान्याच्या कोठारावर काम करणारा व्हर्नन उभा होता.

तिच्या तोंडाला कोरड पडली होती. ती आजची नव्हती. दोन मणांचं पोर टापा वाजवत अंगावर आलं की तिचे डोळे आपोआप मिटत, आणि उघडेपर्यंत चेंडू कुठे थांबला ते निसटून गेलेलं असे. मग ती पलीकडे पाही. चेंडू जिथे थांबला त्या रेषेत डॅडचा पाय आधीच रोवलेला असे, आणि ती त्याच्या रेषेत आपला पाय ठेवी. खरी रीत उलटी. खेळ ज्याच्या काठाला, पाय रोवून खूण त्याने दाखवायची. समोरच्याने ती फक्त जुळवायची. डॅडला भारी घाई, असंच ती इतकी वर्षं समजत आली होती.

सामना संपत आला असताना चेंडू घेतलेला पोरगा थेट तिच्याकडे वळला. ती मागे सरली. जमीन हादरली, तिच्या कानाशी कोणाचा तरी श्वास आला. डोळे उघडले तेव्हा पायाशी पोरांचा ढीग पडला होता. चेंडू ठरलेल्या अंतरापर्यंत पोचला असेल तर यजमानांचा डाव चालू राहणार होता, नाहीतर संपणार होता.

तिने पलीकडे पाहिलं. व्हर्नन दोन्ही पाय जुळवून उभा होता, तिच्या पायाची वाट बघत. त्याचं बरोबर होतं.

डॅडला घाई नव्हती. त्याला माहीत होतं.

"बाई, झोप लागली का?" मागून यजमानांचा प्रशिक्षक ओरडला.

पाय कुठेही ठेवला असता तरी चाललं असतं. कोणी विचारलं नसतं. उचललेला पाय तिने होता तिथेच परत टेकवला आणि हात वर करून मर्लला बोलावलं. तो धावत आला. त्याच्या खांद्यावरून ती समोरच्या काठाकडे बघत राहिली.

"मी पाहिलं नाही, मर्ल. तो अंगावर आला आणि मी डोळे मिटले. मला भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते."