माझी सवत, ती लाल नळी

मी हवेची पेटी बोलतेय. नाव ऐकलं नसेल, तर हरकत नाही; ज्यांच्या गाडीत मी बसते त्यांनीही ते ऐकलेलं नसतं. बॉनेट उघडलंत की कोपऱ्यात एक काळी, चौकोनी, रुसून बसल्यासारखी वस्तू दिसते ना, ती मी. पोटात कागदाची जाळी, कडेला चिमटे आणि वर उचललेलं तोंड. इंजिन घेतं तो प्रत्येक श्वास माझ्यातून गाळून घेतं. धूळ मला, स्वच्छ हवा त्याला. संसार संसार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

कारखान्यात साच्यातून निघाले, तेव्हा तपासणीच्या टेबलावरच्या बाईनं माझे चिमटे उघडझाप करून पाहिले आणि शेजारणीला म्हणाली, "हिचं तोंड बघ किती उंच ठेवलंय. पाण्यातसुद्धा नाक वर!" आयुष्यात माझं झालेलं कौतुक ते एवढंच. आजवर ते पुरवून पुरवून वापरतेय.

माझी गाडी एका लाऊडस्पीकर दुरुस्त करणाऱ्यानं घेतली. माणूस कानाचा तिखट. भाजीवाल्याची हाक ऐकून याचा घसा बसलाय की कर्णा फाटलाय हे सांगणारा. त्याच्या बायकोचं पडद्यांचं दुकान. डिकीत पडद्यांचे गठ्ठे, पुढच्या सीटवर उघडे पडलेले स्पीकर, आणि त्या दोघांची सतत काहीतरी कुरबुर. इंजिन आणि मी मात्र शांत होतो. माझ्या सोबतीत ते इतकं हळू चालायचं की सिग्नलला बाई विचारायची, "अहो, बंद पडली का?" मला त्याचा केवढा अभिमान होता.

आमचं बिनसलं ते साडूमुळे. बाईच्या थोरल्या बहिणीचा नवरा हो! साडूंचं आपसात किती गूळपीठ असतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. एका रविवारी हा साडू आपली गाडी घेऊन गल्लीत शिरला आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या. गाडी कसली, डरकाळीच ती. आमचा मालक हातातला चहा तसाच ठेवून गॅलरीत गेला. त्या दिवसापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. जेवताना मध्येच म्हणायचा, "आवाज ऐकलास ना त्याच्या गाडीचा?" बाई म्हणायची, "ऐकला. अख्ख्या गल्लीनं ऐकला. आमटी घ्या."

शेवटी आम्ही गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रीनं माझे चिमटे उघडले, मला उचललं आणि मदतनिसाला सांगितलं, "हा डबा बाजूला ठेव." डबा! इतकी वर्षं श्वास गाळला त्याचं हे बक्षीस. मग खोक्यातून ती निघाली, साडूच्या गाडीला होती तशीच हवेची नळी. लाल, गुळगुळीत, कमरेत वाकलेली, टोकाला टोपीसारखी जाळी. अंगावर एक चिमटा नाही. माझ्या जागेवर ती अशी पसरली की जणू ती जागा तिच्याच नावावर होती.

"एक सांगतो साहेब," मिस्त्री म्हणाला. "थंड हवा मिळावी म्हणून हिचं तोंड खाली, बंपरच्या मागे येतं. साचलेल्या पाण्यात गाडी घालू नका."

"पाणी गेलं तर काय होतं?" बाईनं विचारलं.

"ताई, इंजिन हवा दाबतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग आतला दांडा वाकतो आणि इंजिन कामातून जातं. चुकून पाण्यात बंद पडलीच, तर परत चावी फिरवायची नाही. तिथेच थांबायचं, मला बोलवायचं."

"अहो, पावसात गाडी काढणारच नाही मी!" मालक म्हणाला. त्याचं सगळं लक्ष आवाजाकडे होतं. त्यानं एक्सिलेटर दाबला आणि माझं इंजिन, माझं शांत, शहाणं इंजिन, गळा काढून गायला लागलं.

मला डिकीत टाकलं. जॅक, जुनी फडकी आणि पडद्यांचे गठ्ठे यांच्यात मी पडून राहिले. इंजिनाची धडधड गाडीच्या तळातून माझ्यापर्यंत यायची आणि अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्यासोबत असं कधी गायलं नाही ते! रोज संध्याकाळी बॉनेट उघडून शेजारीपाजारी जमायचे. "वा, काय चकाकतेय!" मालक स्वतःच्या खिशातल्या रुमालानं तिला पुसायचा. मला त्यानं कधी जुन्या बनियननंसुद्धा पुसलं नव्हतं. मी डिकीत दात-ओठ खात बसायचे. दात-ओठ नसले तरी चिमटे होतेच. आणि मनातल्या मनात एकच म्हणायचे, जाऊ दे तिच्या तोंडात पाणी. पोटभर जाऊ दे. मग कळेल नाक वर का ठेवायचं असतं ते.

मालक आकाशाकडे बघून गाडी काढायचा. जरा ढग दिसला की बसनं जायचा. पण संकट काही दर वेळी वरूनच येत नाही.

त्या दिवशी लख्ख ऊन होतं. सासऱ्यांचा वाढदिवस, सगळ्यांनी त्यांच्याकडे जेवायला जायचं ठरलेलं. साडूची गाडी पुढे, आमची मागे, दोघांच्या डरकाळ्यांची जुगलबंदी चाललेली. रेल्वेपुलाखाली रस्ता खोलगट होतो, तिथे पाण्याची मोठी लाईन फुटली होती. पाणी तळ्यासारखं चमकत होतं. साडू पुढे गेला, हळूहळू पार झाला आणि पलीकडे गाडी लावून आमच्याकडे बघत उभा राहिला.

"थांबा," बाई म्हणाली. "वरच्या रस्त्यानं जाऊ. आपल्या नळीचं तोंड खाली आहे."

"अगं, त्याच्याही गाडीला नळीच आहे. तो गेला ना?"

"ते गेले म्हणून आपणही जायचं?"

मालकानं गाडी पाण्यात घातली. निम्म्यापर्यंत सगळं ठीक होतं. तेवढ्यात समोरून एक ट्रक जोरात आला आणि त्यानं ढकललेली लाट आमच्या तोंडावर आदळली. एक घोट ऐकू आला, मग उचकी, मग काहीच नाही.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. प्यायलीस ना? पी अजून! डिकीतल्या डिकीत मी नाचायचीच बाकी होते. मग लक्षात आलं की खालून धडधड येत नाहीये. इतकी वर्षं ज्या ठोक्यांवर मी जगले ते ठोके थांबले होते. स्वतःचा नवरा मेला तरी चालेल पण सवत विधवा झाली पाहिजे, अशी एक म्हण आहे. लोक ती हसून सांगतात. मला त्या वेळी हसू आलं नाही. पाणी तिच्या तोंडात गेलं होतं, पण मरणार होतं माझं इंजिन.

मालकाचा हात चावीकडे गेला.

"फिरवू नका!" बाई ओरडली. "मिस्त्री काय म्हणाला होता?"

"एकदाच बघतो."

पलीकडून साडू हात उंचावून हाका मारत होता, "अहो साडूभाऊ, स्टार्टर मारा! माझी पण बंद पडते अशी. दुसऱ्यांदा मारला की चालू होते!"

"बघ, तो सांगतोय. आणि किती लोक बघतायत गं! दोनदा मारतो फक्त."

फिरवू नको रे बाबा, मी म्हणत होते. लागलं तर तिलाच ठेव आयुष्यभर. मला भंगारात घाल. पण ती चावी फिरवू नको. माझं कोण ऐकणार? पेटी ती पेटी.

चावी फिरायच्या आत बाईनं ती उपसून काढली. पर्समध्ये टाकली, चेन ओढली आणि पर्स सीटवर ठेवून चक्क तिच्यावर बसली.

"अगं, चावी दे!"

"नाही. भाऊजी बघतायत म्हणून इंजिनाचा जीव घ्यायचाय का? उतरा आणि ढकला."

नवा शर्ट घालून मालक गुडघाभर पाण्यात उतरला. साडूलाही यावं लागलं, कारण पलीकडून त्याच्या बायकोनं त्याला डोळे वटारून दाखवले होते. दोघे साडू शेजारी शेजारी उभे राहून आयुष्यात पहिल्यांदा एकाच दिशेनं जोर लावत होते.

गॅरेजमध्ये मिस्त्रीनं आधी एकच विचारलं, "चावी फिरवली का?" बाईनं पर्समधून चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. त्यानं प्लग काढले, इंजिन फिरवलं आणि प्लगच्या भोकांतून पाणी पिचकारीसारखं उडालं. मग सगळं सुकवून, पुसून, प्लग परत लावून त्यानं स्टार्टर मारला. एकदा खोकून इंजिन चालू झालं. डिकीतून मी ते ऐकलं. तो आवाज तिच्यामुळे होता की माझ्यामुळे, याचा विचारसुद्धा मनात आला नाही.

"दांडा वाचला," मिस्त्री म्हणाला. "आता जुना डबा असेल तर द्या." डबा म्हणाला, तरी मी रागावले नाही.

सध्या मी माझ्या जागेवर आहे. गाडी पुन्हा शांत झालीय. बॉनेट आता कुणी उघडत नाही. कशाला उघडतील? माझ्यात बघण्यासारखं काय आहे? आणि ती? तिला मालकानं दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलंय, त्याच्या सगळ्यात लाडक्या स्पीकरच्या वर. म्हणे अजूनही त्याच रुमालानं पुसतो. पाहुणे आले की पाण्याची गोष्ट सांगतो, आणि त्या गोष्टीत मी नसते.

परवा बाईला तो सांगत होता, "उन्हाळा लागला की परत लावू तिला. उन्हाळ्यात कसलं आलंय पाणी!"

म्हणून आज तोंड उघडलं. मालक, तिला भिंतीवरच राहू दे. तिथे पूस, मिरव, शेजाऱ्यांना बोलावून दाखव. माझा जळफळाट होईल, होऊ दे. मी मत्सरानं बोलतेय असं म्हणशील, तर तेही खरं आहे. पण त्या दिवशी नवा शर्ट घालून गुडघाभर पाण्यात उतरलास ना, तेव्हा एकदा तरी वर पाहिलं होतंस का? आकाशात एकही ढग नव्हता.