ड्रायव्हरच्या मानेवरचे सात महिने

मी मानेचा पट्टा बोलतोय. आत स्पंज, वर मळखाऊ कापड, मागे चिकटपट्टी. औषधाच्या दुकानातून मला एका बस ड्रायव्हरने उचललं, कारण त्याची मान उजवीकडे वळेनाशी झाली होती.

एक्स-रेत मणक्यांची झीज निघाली. "वयाने होते," डॉक्टर म्हणाले आणि मला आठ दिवस लावायला सांगितलं. ड्रायव्हरने सात महिने लावलं. जेवताना, पेपर वाचताना, पाहुण्यांसमोर मी होतोच. एवढा मान फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

डेपोने मात्र त्याला स्टिअरिंगवरून उठवून चौकशीच्या खिडकीत बसवलं. आणखी तीन महिन्यांत मान वळली नाही तर कायमचं तिथंच, असं साहेबांनी सांगितलं. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस लोकांना गाड्यांच्या वेळा सांगू लागला. घरी आला की तो मला जरा जास्त आवळायचा.

शेवटी बायकोने त्याला फिजिओथेरपिस्टबाईंकडे नेलं.

"पट्टा किती वेळ लावता?" बाईंनी विचारलं.

"असाच, अधूनमधून."

"अंघोळीपुरता काढतात," बायको म्हणाली.

बाईंनी मला काढून टेबलावर ठेवलं. "याच्यामुळे स्नायू आळशी झालेत," त्या माझ्यादेखत म्हणाल्या. खरंच होतं.

व्यायाम दिसायला अगदीच किरकोळ. हनुवटी आत ओढायची. तळहात कपाळाला लावून डोक्याने रेटायचं, पण मान हलू द्यायची नाही. मग खांदे मागे. "झीज भरून येणार नाही," बाई म्हणाल्या, "पण मान पेलणारे स्नायू बळकट झाले की दुखणं कमी होईल. हाताला मुंग्या आल्या तर मात्र थांबायचं आणि मला सांगायचं."

चौथ्याच दिवशी ड्रायव्हर कंटाळला. "हनुवटी ओढून कुणाला बस चालवता आलीय का?"

बायकोने समोर खुर्ची ओढली आणि स्वतःच्या कपाळाला हात लावला. "मी करते. तुम्ही बघत बसा."

कितीसा वेळ बघणार? त्यानेही हात लावला. मग रोज दोघं समोरासमोर कपाळाला हात लावून बसू लागली. एकदा शेजारीण दारातून डोकावली, "देव बरं करील हो," म्हणाली आणि हळहळत निघून गेली.

डेपोतल्या तपासणीच्या दिवशी त्याने मला पिशवीत घेतलं, न जाणो म्हणून. साहेबांनी त्याला रिकाम्या बसमध्ये स्टिअरिंगवर बसवलं.

"उजवा आरसा बघा. आता खांद्यावरून मागे."

मान वळली. पूर्वीइतकी नाही, पण मागच्या चाकापर्यंत नजर पोचली. साहेबांनी त्याला पुन्हा गाडी देण्याच्या कागदावर सही केली. ड्रायव्हर जागचा हलेना.

"झालं. उतरा आता."

"बसू द्या की दोन मिनिटं," तो म्हणाला. साहेब कागदाची घडी घालत उभे राहिले.

हल्ली मी कपाटात असतो, मफलरांच्या खाली. कधी मान फारच धरली तर बोलावणं येतं, आणि दोन दिवसांत बायको मला पुन्हा जागेवर ठेवते. तुमच्यावर वेळ आली आणि डॉक्टरांनी सांगितलं, तर मला खुशाल लावा, लाजू नका. फक्त वेळेवर काढा. मला राग येणार नाही.