बबडीची मुलाखत

जेवताना बबडीने जाहीर केलं की ती आर्किटेक्टची नोकरी सोडून डॉक्टर होणार, प्रवेश परीक्षा गुपचूप देऊन झालीय, अर्ज याच वर्षी करणार आणि अर्जाची मुदत शुक्रवारी संपतेय. बबडी म्हणजे माझी नणंद. वय एकतीस, हिच्या नकाशांवरून इमारती उभ्या राहतात, तरी घरात अजून बबडीच. सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवून डोळे पुसले. सासरे म्हणाले, "वाघीण आहे माझी!" नवऱ्याने तिची पाठ थोपटली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण डॉक्टर मी होणार होते. मी तलावावर पोहायला शिकवते. कुणाला धाप लागली, कुणी छाती दाबून धरली, की त्याला काठावर घेते, नाडी बघते, रुग्णवाहिका बोलावते. गाडीचं दार लागलं की माझं काम संपतं. पुढे त्याचं काय झालं, का झालं, ते मला कुणी सांगत नाही. मला त्या गाडीत बसून पुढे जायचं होतं. प्रवेश परीक्षाही दिली होती. गुण बरे आले होते आणि त्या 'बरे'वरच माझं घोडं अडलं होतं. दरवर्षी वाटायचं, आणखी थोडा अभ्यास करू, मग अर्ज. आता ते गुण यंदापुरतेच धरणार होते. पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. आणि हो, पोहायला शिकवणाऱ्या बाईला उडी मारण्याची उपमा कृपा करून कुणी देऊ नये. शिट्टी मारून बाहेर काढीन.

"वहिनी, माझी सरावाची मुलाखत घेशील?" बबडीने विचारलं. "तू प्रश्न विचारलेस की समोरच्याला घाम फुटतो."

"घेईन की," मी म्हणाले. मनात म्हटलं, ये तू, चांगली सोलते तुला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या खोलीत गेले, तर टेबलावर माझं पुस्तक. शरीरशास्त्राचं, मी कपाटात चादरींखाली ठेवलेलं.

"दादाने दिलं," ती म्हणाली. दादा म्हणजे माझा नवरा. त्याच्याकडे नंतर बघायचं ठरवून मी खुर्चीत बसले. मला तिचा हेवा वाटत होता, अगदी ओंगळ हेवा. तिच्या धीराचा, सासऱ्यांच्या त्या वाघिणीचा, आणि आता माझ्याच पुस्तकाचा. त्याची लाजही वाटत नव्हती.

"इमारतींचा कंटाळा आला, म्हणून आता माणसं हवीत का?" मी सुरुवात केली.

"नाही. एका रुग्णालयाचं काम केलं होतं. बांधून झालं, तरी काहीतरी सबब काढून तिथे जात राहिले."

उत्तर चांगलं होतं. मला आणखीच राग आला.

"बाकी सगळी कालची पोरं असतील वर्गात."

"असू देत. ताई म्हणतील."

"तयारी झालीये तुमची? पूर्ण?"

"नाही."

"मग थांबा की एक वर्ष!" माझा आवाज चढला. "काय आभाळ कोसळणार आहे? यंदाच का?"

बबडीने पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. फुफ्फुसांचं प्रकरण होतं. ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा, त्यांच्या खाली निळ्या, त्यांच्याही खाली हिरव्या. दरवर्षी रंग नवा, ओळी त्याच.

"रागावू नकोस हं," ती म्हणाली. "मी पण पुढच्याच वर्षी करणार होते अर्ज. हे पान बघितलं आणि घाबरले. वहिनी, तुला हे सगळं पाठ आहे गं. पहिल्या रंगातच पाठ झालं असणार."

ज्या धीराचा मी हेवा करत होते, तो हिला माझी गत बघून आला होता. थोबाडीत मारली असती तर कमी लागलं असतं. मी उठून निघाले, तशी तिने माझा दंड धरला, मला आपल्या जागी बसवलं आणि स्वतः माझ्या खुर्चीत जाऊन बसली.

"सांगा बाई, इतकी वर्षं थांबलात. मग यंदाच का?"

ठेवणीतली उत्तरं तयार होती माझ्याकडे. तोंडातून भलतंच आलं.

"कारण तू चालली आहेस. तू डॉक्टर झालीस आणि मी अशीच राहिले, तर मी जळून खाक होईन."

बबडीने पुस्तक मिटलं.

"हे मुलाखतीत सांगू नकोस," ती म्हणाली.

"नाही सांगणार."

तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. पडद्यावर तिचा अर्ज अर्धा भरलेला होता. मी तो बाजूला सारून माझा नवा उघडला, आणि तिच्या आधी पाठवता यावा म्हणून भराभर टाइप करू लागले.