हीटरचा दिवा

चौथ्यांदा सेल्फ मारला, तरी गाडी नुसती कण्हली आणि गप्प झाली. हेलनने स्टिअरिंगवर जोरात थाप मारली.

"वैनी, बॅटरी बसवशील," ओट्यावर चहा फुंकत स्टीवन म्हणाला. "थंडीत ही अशीच करते. ठेवून काय करनार हिला? मी तरी वापरीन."

मोठ्या भावाला, म्हणजे हेलनच्या नवऱ्याला, अर्धांगवायू होऊन वाचा गेल्यापासून या धाकट्या दिराचा डोळा त्या जुन्या डिझेल गाडीवर होता. हेलनने शिवी गिळली. मागच्या सीटवर वाडीतल्या मेथी-पालकाच्या जुड्या रचल्या होत्या. होळी गावातून वसईच्या बाजारात उजाडता उजाडता पोचायला हवं होतं. तिच्या हातात लायसन्स येऊन चारच दिवस झाले होते.

घरातून ठणठण आवाज आला. खिडकीजवळच्या खाटेवरून तिचा नवरा पीटर डाव्या हाताने गजावर पेला आपटत होता.

हेलन तरातरा आत गेली. "काय पायजे? तीस वर्षं गाडीला हात लावू दिला नाय. म्हने बायकांचं काम नाय! थंडीत कशी चालू करायची, एकदा तरी सांगितलंत? आता सांगा! बोला ना!"

पीटरच्या घशातून घरघर निघाली. पेला फेकून त्याने किल्ली धरल्यासारखी बोटं जुळवली, अर्धी फिरवली आणि थांबला. तिला कळेना. त्याने डोळे वटारून पुन्हा तेच केलं, आणि मग बोटाने गादीवर एक, दोन, तीन असे ठोके देत राहिला.

"थांबायचं? तो पिवळा दिवा विझेपर्यंत?"

त्याने मान हलवली.

"एवढंच? एवढ्याशासाठी तीस वर्षं तोरा मिरवलात?"

त्याने नजर वळवली. ती पाय आपटत बाहेर आली.

किल्ली अर्धी फिरवली. इंजिन तापवणाऱ्या हीटरचा पिवळा दिवा लागला, विझला. पुन्हा एकदा तसंच केलं. मग सेल्फ मारला. इंजिन खोकलं, त्याने भसकन धूर ओकला आणि ते धडधडू लागलं.

स्टीवन धावत आला. "सरक वैनी, मी नेतो."

"बाजूला हो. नायतर चाकाखाली येशील."

पण क्लचपर्यंत तिचा पाय पुरेना. सीट पीटरच्या लांब पायांच्या मापाने मागे होती, इतक्या वर्षांत कधी हललीच नव्हती. खिडकीतून तो बघत होता. हेलनने तिकडे पाहिलं नाही. खालचा दांडा ओढून तिने सगळा जोर लावला. गंज करकरत तुटला आणि सीट पुढे सरकली.